उणे एक तृतीयांशाच्या खाली: टॉप क्वार्कच्या जोडीतली गुंफण कशी मोजली

आजचं सगळं व्याख्यान एका आकड्याभोवती फिरणार आहे: उणे ०.५३७. टॉप क्वार्क आणि त्याचा प्रतिकण यांच्या जोडीतला संबंध किती घट्ट आहे ते तो सांगतो. क्वार्क म्हणजे प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या कणांची जात, आणि टॉप त्यांतला सर्वांत जड. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ॲटलास प्रयोगानं हा आकडा सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केला आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. त्यावर बातम्या आल्या, की आतापर्यंतच्या सर्वांत जास्त ऊर्जेवर क्वांटम एन्टँगलमेंट दिसलं. बातमी खरी आहे. पण तिच्या पुढच्याच ओळीत 'आइन्स्टाइन पुन्हा चुकला' असंही बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं, आणि ते या आकड्यातून निघत नाही. हा आकडा कसा काढतात ते पायरीपायरीनं पाहिलं, की तो कुठवर नेता येतो आणि कुठं थांबावं लागतं हेही कळतं.

आधी शब्दाचं बघू. एन्टँगलमेंटला 'गुंतवणूक' म्हटलं तर लोकांना म्युच्युअल फंड आठवतो आणि 'गुंतागुंत' म्हटलं तर नुसतं अवघड काहीतरी. मी 'गुंफण' म्हणणार आहे. दोन कणांची मिळून एक अवस्था असते आणि ती 'या कणाची अवस्था अशी, त्या कणाची तशी' अशी वेगळी काढून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्पिनला मराठीत फिरक असा चांगला शब्द आहे, पण इथं स्पिनच ठेवतो. कणाच्या अंगचा, दिशा असलेला गुण म्हणजे स्पिन.

दोन स्पिनचं गणित अगदी थोडक्यात. प्रत्येक स्पिन कोणत्याही अक्षावर मोजला तरी उत्तर धन एक किंवा उणे एक येतं. आता क्ष, य आणि झ अशा तीन अक्षांवर दोन्ही कणांची उत्तरं मोजायची, प्रत्येक अक्षासाठी त्यांच्या गुणाकाराची सरासरी काढायची आणि तिन्ही सरासऱ्यांची बेरीज करायची. दोन कण गुंफलेले नसतील, म्हणजे प्रत्येकाची आपापली दिशा ठरलेली असेल, तर ही बेरीज किती खाली जाऊ शकते? जास्तीत जास्त उलटेपणा म्हणजे एकाचा स्पिन एका दिशेला आणि दुसऱ्याचा बरोबर विरुद्ध. मग क्ष अक्षावर मिळतं उणे त्या दिशेच्या क्ष घटकाचा वर्ग, य अक्षावर उणे य घटकाचा वर्ग आणि झ अक्षावर उणे झ घटकाचा वर्ग. एकक सदिशाच्या तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज एक, म्हणून एकूण बेरीज उणे एक. अशा अनेक जोड्यांची कशीही मिसळ केली तरी सरासरी उणे एकच्या खाली जात नाही.

आणि क्वांटम सिंगलेट? त्यात कोणत्याही अक्षावर मोजा, उत्तरं नेहमी उलटी. तिन्ही अक्षांवर उणे एक, बेरीज उणे तीन. या बेरजेला तीननं भागलं की जी राशी येते तिला इंग्रजी अक्षरावरून डी म्हणतात. न गुंफलेल्या जोडीची मर्यादा उणे एक तृतीयांश, म्हणजे उणे ०.३३३, पूर्ण सिंगलेटची किंमत उणे एक. मोजलेला डी उणे एक तृतीयांशाच्या खाली गेला, तर जोडी गुंफलेली आहे असं खात्रीनं म्हणता येतं. वर राहिला तर काहीच म्हणता येत नाही, कारण गुंफणीचे इतरही प्रकार असतात आणि ते या एका राशीत दिसत नाहीत. ही कसोटी एकतर्फी आहे.

आता हे टॉप क्वार्कवरच का करायचं? कारण तो मरण्याची घाई करतो. त्याचं वस्तुमान सुमारे १७२.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सोन्याच्या अणूच्या वस्तुमानाच्या जवळपास, आणि आयुष्य सुमारे ५ गुणिले १० चा उणे पंचविसावा घात सेकंद. बाकीचे क्वार्क जन्मल्याबरोबर इतर क्वार्कांना धरून हॅड्रॉन बनतात. त्या प्रक्रियेला साधारण १० चा उणे तेविसावा घात सेकंद लागतात आणि त्या धक्काबुक्कीत स्पिनची मूळ खबर बिघडते. टॉप त्याच्या आधीच डब्ल्यू बोसॉन (क्षीण बलाचा कण) आणि बी क्वार्क (टॉपहून हलका क्वार्क) यांत मोडतो. त्यामुळे त्याच्या स्पिनची दिशा मुलांच्या, म्हणजे मोडून निघालेल्या कणांच्या, उडण्याच्या दिशांत जशीच्या तशी उतरते.

पण सगळी मुलं सारखी विश्वासू नसतात. स्पिनची दिशा किती इमानानं सांगितली जाते याला विश्लेषण-क्षमता म्हणू. डब्ल्यू बोसॉनपासून निघालेल्या विद्युतभारित लेप्टॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉनची किंवा म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भाऊबंदाची), ही क्षमता जवळजवळ पूर्ण एक आहे. बी क्वार्कची फक्त ०.४च्या आसपास, तीही उलट्या चिन्हाची. डब्ल्यू दोन क्वार्कांत मोडला तर त्यांतल्या डाउन प्रकारच्या क्वार्कचीही क्षमता एक असते, पण डिटेक्टरला दिसतात ते जेट, म्हणजे कणांचे झोत, आणि कोणता जेट डाउनचा हे सहज ओळखता येत नाही. म्हणून पहिला निकाल लेप्टॉनांवर काढला गेला, तोही एका बाजूला इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूला म्युऑन असलेल्या घटनांवर, म्हणजे टकरींच्या नोंदींवर.

क्षमता एक असली तरी एकेका लेप्टॉनची दिशा स्पिनच्या दिशेवर चिकटलेली नसते. स्पिनच्या दिशेला जास्त, विरुद्ध दिशेला शून्य, आणि मध्ये कोसाइनच्या प्रमाणात, अशी ती वाटणी असते. त्या कोसाइनची सरासरी येते एक तृतीयांश. दोन बाजूंना दोन लेप्टॉन, म्हणजे प्रत्येक अक्षावर नऊपट सौम्य झालेला संकेत. हिशेब केला की एक सुटसुटीत सूत्र हाती येतं: टॉपच्या स्थिर चौकटीतली (म्हणजे टॉप जिथून थांबलेला दिसतो तिथली) धन लेप्टॉनची दिशा आणि प्रतिटॉपच्या स्थिर चौकटीतली ऋण लेप्टॉनची दिशा घ्या, त्यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनची सरासरी काढा आणि उणे तीननं गुणा. हाच डी. सिंगलेटमध्ये स्पिन उलटे असतात. पण धन लेप्टॉन टॉपच्या स्पिनकडे झुकतो आणि ऋण लेप्टॉन प्रतिटॉपच्या स्पिनपासून लांब पळतो, म्हणून दोन्ही लेप्टॉन साधारण एकाच दिशेला जाताना दिसतात. गुंफणीच्या मर्यादेवर कोसाइनची सरासरी असते ०.१११, ॲटलासच्या उत्तराशी जुळणारी सरासरी ०.१७९. एवढ्याशा फरकासाठी हा सगळा खटाटोप.

सगळ्या टॉप जोड्या मात्र सिंगलेट नसतात. सर्नच्या एलएचसी या कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, १३ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉन टकरींतून टॉपच्या बहुतेक जोड्या दोन ग्लुऑनांपासून (क्वार्कांना बांधणाऱ्या बलाच्या कणांपासून) बनतात आणि थोड्या क्वार्क-प्रतिक्वार्कपासून. जोडी जेमतेम बनेल इतकीच ऊर्जा असेल, म्हणजे टॉप जवळजवळ जागच्या जागी जन्मत असतील, तर ग्लुऑनांपासून आलेली जोडी सिंगलेट असते. क्वार्क-प्रतिक्वार्कपासून आलेली ट्रिपलेट (एकूण स्पिन एक असलेली; सिंगलेटमध्ये तो शून्य) असते आणि तिचा डी धन एक तृतीयांश, म्हणजे संकेत पातळ करणारा. ऊर्जा वाढत गेली की ग्लुऑनवाली जोडीही सिंगलेट राहत नाही. मधल्या पट्ट्यात गुंफण दिसेनाशी होते आणि खूप वर गेल्यावर, टॉप किरणाच्या दिशेशी मोठ्या कोनात उडत असतील तर, पुन्हा उगवते. पण तिथं ती ट्रिपलेटची गुंफण असते आणि डीच्या व्याख्येत एका अक्षाचं चिन्ह बदलावं लागतं.

सगळ्या घटनांची सरसकट सरासरी काढली तर गुंफण बुडून जाते. उंबरठ्याजवळची, म्हणजे जेमतेम ऊर्जेच्या जोड्यांची, पातळ कापच काढावी लागते. योआव आफिक आणि हुआन रामोन मुन्योझ दे नोव्हा यांनी २०२०मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. टॉप जोडीतला स्पिन-संबंध त्याआधी वर्षानुवर्षं मोजला जात होता. काप कुठं घ्यायची आणि मर्यादा कोणती, हे त्यांनी सांगितलं. ॲटलासनं जोडीचं एकूण वस्तुमान (त्यात दोघांच्या एकमेकांपासून दूर जाण्याची ऊर्जाही आली) ३४० ते ३८० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी काप घेतली. टॉपच्या दुप्पट वस्तुमान ३४५ होतं, म्हणजे काप बरोबर उंबरठ्यावर आहे. ३८० ते ५०० आणि ५००च्या वर असे दोन पट्टे ताळा बघायला ठेवले. तिथं गुंफण अपेक्षित नव्हती आणि दिसलीही नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. २०१५ ते २०१८ या काळात ॲटलासनं १४० व्यस्त फेम्टोबार्न (किती टकरी झाल्या याचं माप) इतका माल, म्हणजे टकरींच्या नोंदी, जमवला. टॉप जोडी बनण्याचा काटछेद, म्हणजे ती बनण्याच्या शक्यतेचं माप, सुमारे ८३० पिकोबार्न, म्हणजे त्या काळात ॲटलासमध्ये साधारण साडेअकरा कोटी टॉप जोड्या जन्मल्या. प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात, म्हणजे सेकंदाला चार कोटी भेटी. हार्डवेअरचा ट्रिगर त्यांतल्या सुमारे एक लाख ठेवतो आणि संगणकांचा दुसरा ट्रिगर त्यातून हजारेक. या चाळणीतून जायला घटनेत जोरकस इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन लागतो. पुढे अट अशी: एक इलेक्ट्रॉन, एक म्युऑन, विरुद्ध भारांचे, किरणाला लंब दिशेतला संवेग २५ ते २८ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर, किमान दोन जेट आणि त्यांतला किमान एक बी क्वार्कचा म्हणून ओळखलेला.

इलेक्ट्रॉन-म्युऑन अशी मिश्र जोडीच का? झेड बोसॉन (डब्ल्यूचा विद्युतभार नसलेला भाऊ) दोन इलेक्ट्रॉनांत किंवा दोन म्युऑनांत मोडतो आणि तशा घटनांचा पूर असतो. मिश्र जोडी मागितली की तो थेट गळतो. उरतो तो झेड दोन टाऊंत (म्युऑनहून जड भाऊबंदांत) मोडून, एक टाऊ इलेक्ट्रॉन आणि दुसरा म्युऑन देणारा थोडासा भाग. शिवाय एकटा टॉप डब्ल्यूसोबत निघणं आणि जेटला चुकून लेप्टॉन समजणं, ही दुसरी भेसळ. हे सगळं धरूनही निवडलेल्या अकरा लाखांच्या आसपास घटनांपैकी सुमारे ९० टक्के खऱ्या टॉप जोडीच्या असतात. कोलायडरच्या जगात एवढा शुद्ध माल क्वचित मिळतो.

खरी डोकेदुखी इथून सुरू होते. लेप्टॉनची दिशा टॉपच्या स्थिर चौकटीत हवी, म्हणजे टॉपचा संवेग माहीत हवा, आणि दोन्ही टॉपमधून एकेक न्यूट्रिनो (डब्ल्यूमधून लेप्टॉनसोबत निघणारा, कशालाही सहसा न अडखळणारा कण) डिटेक्टरला न शिवता निघून गेलेला असतो. दोन न्यूट्रिनो, प्रत्येकी तीन घटक, एकूण सहा अज्ञात. समीकरणंही सहाच मिळतात: किरणाला लंब असलेल्या प्रतलात हरवलेल्या संवेगाचे दोन घटक, दोन डब्ल्यूंची वस्तुमानं आणि दोन टॉपची वस्तुमानं. भूमितीत बघितलं तर प्रत्येक टॉपसाठी त्याच्या न्यूट्रिनोचा लंब संवेग एका लंबवर्तुळावर असावा लागतो. दुसऱ्या टॉपचं लंबवर्तुळ हरवलेल्या संवेगातून वजा करून त्याच प्रतलात आणायचं; जिथं दोन्ही छेदतात ती उत्तरं. छेदनबिंदू दोन किंवा चार असू शकतात. अनेक निघाले तर सहसा जोडीचं वस्तुमान कमीत कमी देणारा घेतात, कारण तोच जास्त वेळा खरा निघतो.

काही घटनांत लंबवर्तुळं छेदतच नाहीत. एकतर जेटची ऊर्जा थोडी चुकीची मोजलेली असते, किंवा टॉप अगर डब्ल्यूचं वस्तुमान त्या एका घटनेत सरासरीपासून ढळलेलं असतं. या कणांना नैसर्गिक रुंदी असते, त्यामुळे असं होणं चूक नाही. मग संभाव्य उत्तरांना भार देऊन निवडणारी दुसरी पद्धत वापरतात. आणखी एक घोळ आहे, कोणता बी जेट कोणत्या लेप्टॉनसोबत जोडायचा. चुकीची जोडी लागली की दोन्ही टॉप चुकतात आणि कोन जवळजवळ यादृच्छिक होतो.

संवेग हाती आले की चौकटी बदलायच्या. क्रम इथं महत्त्वाचा आहे. आधी प्रयोगशाळेतून टॉप-प्रतिटॉप जोडीच्या केंद्रचौकटीत यायचं, मग तिथून प्रत्येक टॉपच्या स्थिर चौकटीत. प्रयोगशाळेतून थेट टॉपच्या चौकटीत उडी मारली तर सापेक्षतेच्या नियमानं अक्ष थोडे फिरतात आणि दोन चौकटींतल्या दिशांची तुलनाच बिघडते. नवख्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक हमखास सापडते, आणि ती लबाड असते, कारण आलेख बघून काही बिघडलंय असं वाटतच नाही. डी फक्त थोडा सरकतो.

एवढं करून डिटेक्टर-पातळीवरचा डी मिळतो. तो खरा डी नव्हे. दिशा धूसर झालेल्या असतात आणि वस्तुमानाच्या मोजणीतल्या चुकीमुळे वरच्या पट्ट्यातल्या, गुंफण नसलेल्या जोड्या खालच्या कापेत घुसलेल्या असतात. म्हणून अनुरूपणातल्या (संगणकावर रचलेल्या) घटनांना वजनं देऊन डीच्या वेगवेगळ्या किमतींचे नमुने बनवतात, प्रत्येक नमुना डिटेक्टरच्या अनुरूपणातून काढतात आणि खरा डी विरुद्ध दिसणारा डी असा वक्र आखतात. त्या वक्रावरून प्रत्यक्ष मोजलेला आकडा मागे वाचायचा. निकाल: उणे ०.५३७, त्यात संख्याशास्त्रीय अनिश्चितता ०.००२ आणि पद्धतीतून येणारी अनिश्चितता ०.०१९. दुसरी पहिलीच्या जवळजवळ दहापट आहे, हे ध्यानात ठेवा. आणखी माल जमवून हा आकडा फारसा सुधारणार नाही. अडसर आपल्या अनुरूपणात आहे, म्हणजे टॉपचं मोडणं आणि त्यानंतरची कणांची बरसात आपण किती नीट मांडतो त्यात.

याचं एक उदाहरण निबंधातच उघडपणे मांडलेलं आहे. टॉप मोडल्यानंतर ग्लुऑन उडण्याची जी मालिका सुरू होते ती पिथिया हा प्रोग्रॅम एका क्रमानं रचतो आणि हरविग दुसऱ्या. एकात लंब संवेगाचा क्रम, दुसऱ्यात कोनाचा. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण त्यांतून कोनाचा कोसाइन वेगवेगळा वाटला जातो. म्हणून ॲटलासनं आकडा मूळ टॉपच्या पातळीवर नेला नाही. डिटेक्टरला दिसू शकणाऱ्या स्थिर कणांच्या पातळीवर थांबवला आणि गुंफणीची मर्यादाच त्या पातळीवर उतरवली. तिथं पिथियानुसार मर्यादा उणे ०.३३३ राहत नाही, उणे ०.३२२ होते, आणि मोजलेला आकडा तिच्यापासून पाच प्रमाण-विचलनांहून कितीतरी लांब आहे. प्रमाण-विचलन म्हणजे अनिश्चिततेची एक पट; पाच पटींपलीकडचा फरक योगायोग मानत नाहीत. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. मॉडेलवर जास्त अवलंबून असलेली पायरी चढायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं.

सीएमएस हा एलएचसीवरचा दुसरा मोठा प्रयोग. त्याच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरची, म्हणजे हॅड्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाची, उभारणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं केली आणि पुण्याची आयसर संस्थाही या प्रयोगात आहे. सीएमएसनं २०१६चा, सुमारे ३६ व्यस्त फेम्टोबार्नचा माल वापरून ३४५ ते ४०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कापेत डी मोजला: उणे ०.४८०, अनिश्चितता ०.०३च्या आत, निश्चिती ५.१ प्रमाण-विचलन. ॲटलासच्या आणि सीएमएसच्या आकड्यांची थेट तुलना मात्र करू नका. कापा वेगळ्या, पातळ्या वेगळ्या. सीएमएसनं पुढे लेप्टॉन आणि जेट अशा घटनांतून ८००च्या वरच्या वस्तुमानालाही गुंफण दाखवली, ६.७ प्रमाण-विचलनांनी. तिथं टॉप इतक्या वेगानं दूर जातात, की बहुतांश जोड्यांत एकाच्या मोडण्याची खबर प्रकाशाच्या वेगानंही दुसऱ्यापर्यंत त्याच्या मोडण्याआधी पोचू शकत नाही. उंबरठ्याजवळ तसं म्हणता येत नाही. तिथले टॉप एकमेकांच्या मांडीला मांडी लावून मोडतात.

या गोष्टीत एक अनपेक्षित वळण आहे. ॲटलासच्या अनुरूपणानं भाकीत केलं होतं उणे ०.४७०, मोजलं गेलं उणे ०.५३७. म्हणजे निसर्गात सिंगलेटचा वाटा अपेक्षेहून जास्त. उंबरठ्यावर दोन टॉप इतके संथ असतात, की मोडण्याआधी त्यांच्यात ग्लुऑनांची देवाणघेवाण होऊन क्षणभर बांधल्यासारखी अवस्था तयार व्हावी, असं जुनं भाकीत होतं. तिला टोपोनियम म्हणतात. नेहमीच्या अनुरूपण-प्रोग्रॅममध्ये हा परिणाम नसतो. सीएमएसनं आपल्या मोजणीत तो पहिल्यापासून धरला होता. मार्च २०२५मध्ये सीएमएसनं उंबरठ्यावर जास्तीच्या घटना सापडल्याचं जाहीर केलं, काटछेद ८.८ पिकोबार्न, जुलै २०२५मध्ये ॲटलासनं ९.० पिकोबार्न सांगून दुजोरा दिला. एकूण ८३० पिकोबार्नमधले नऊ म्हणजे जेमतेम शेकडा एक. पण हे नऊ सगळे त्याच अरुंद कापेत आणि सगळे सिंगलेटसारखे, म्हणून डी खाली ओढला जातो. या जास्तीच्या घटनांची चिन्हं टोपोनियमशी जुळतात. तशाच गुणधर्मांचा दुसरा एखादा नवा कण असण्याची शक्यता मात्र या मोजणीनं पूर्ण मिटत नाही.

आता आइन्स्टाइनकडे येऊ. १९३५च्या आइन्स्टाइन-पोडोल्स्की-रोझेन निबंधाचं म्हणणं होतं, की क्वांटम वर्णन अपुरं आहे. १९६४ची जॉन बेलची असमानता सांगते, की कणांचे गुण आधीच ठरलेले असतील आणि एकाचा प्रभाव दुसऱ्यावर प्रकाशाहून वेगानं पोचत नसेल, तर त्यांच्यातला संबंध एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. बेल स्वतः सर्नमध्येच नोकरीला होता, त्यामुळे सर्नमध्ये गुंफण मोजली म्हणजे बेलची परीक्षा झाली, असं वाटणं साहजिक आहे. दोन कारणांनी ते चूक आहे.

पहिलं कारण आकड्याचं. गुंफण असणं आणि बेलची असमानता मोडणं या दोन पायऱ्या आहेत आणि दुसरी जास्त उंच आहे. स्पिन-संबंध सगळ्या अक्षांवर सारखा असलेल्या जोडीत असमानता मोडायला डी उणे ०.७०७च्या खाली जावा लागतो, म्हणजे उणे एक भागिले दोनचं वर्गमूळ. उणे ०.५३७ हा आकडा पहिली पायरी चढलेला आणि दुसरीच्या खाली उभा आहे.

दुसरं कारण जास्त खोल आहे. ते स्टीव्हन एबल, मायकेल डिटमार आणि हर्बर्ट ड्राइनर यांनी १९९२मध्येच मांडलं होतं. प्रकाशकणांच्या प्रयोगात प्रयोगकर्ता ध्रुवक (ठराविक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारी पट्टी) फिरवतो. कोणत्या अक्षावर मोजायचं हे तो ऐनवेळी ठरवतो. २०१५च्या त्रुटीमुक्त (म्हणजे बेलच्या परीक्षेतल्या पळवाटा बंद केलेल्या) प्रयोगांत तर ही निवड यादृच्छिक यंत्रं करत होती. टॉपच्या बाबतीत अक्ष निवडायला कुणीच नसतं. टॉप स्वतःच मोडतो आणि लेप्टॉन ज्या दिशेला गेला ती दिशा आपण नोंदवतो. आपण स्पिन मोजतच नाही. मोजतो संवेग, आणि दोन कणांचे संवेग एकाच वेळी मोजता येतात, त्यांच्यात क्वांटम भांडण नाही. त्यामुळे एक टारगट युक्तिवाद शक्य होतो: दोन लेप्टॉनांच्या दिशा जन्मतःच ठरलेल्या होत्या आणि त्यांची वाटणी नेमकी मोजलेल्या वाटणीसारखी होती. झालं, दडलेल्या चलांचं, म्हणजे आधीच ठरलेल्या पण न दिसणाऱ्या गुणांचं, एक मॉडेल तयार, आणि ते मोजणीशी तंतोतंत जुळतं. रटाळ आहे, पण कोलायडरच्या मोजणीनं ते खोडता येत नाही. दिशांवरून स्पिनवर जाताना आपण जी विश्लेषण-क्षमता वापरली तीही क्वांटम सिद्धांतातूनच आलेली.

म्हणून या निकालाचं वाक्य असं वाचायचं: क्वांटम सिद्धांत आणि टॉपच्या मोडण्याचा स्टँडर्ड मॉडेलमधला (मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतातला) नियम खरा धरला, तर या कापेतल्या टॉप जोडीची स्पिन-अवस्था गुंफलेली आहे. लाल रंगाच्या फोटॉनची ऊर्जा दोन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. इथल्या जोडीची ३४० अब्ज. इतक्या उंचीवर गुंफणीचे नियम तेच राहतात हे तपासलं गेलं. स्थानिक वास्तववादाला, म्हणजे बेलच्या मर्यादेमागच्या त्या दोन गृहीतकांना, यानं नवा धक्का बसलेला नाही, आणि तशी गरजही नव्हती; ते काम फोटॉनांनी आणि इलेक्ट्रॉनांनी टेबलावरच्या प्रयोगांत उरकलेलं आहे.

कोलायडरवरचा हा पहिलाच गुंफणीचा प्रयोगही नव्हे. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या बेल (Belle; जॉन बेलशी याचा संबंध नाही) प्रयोगानं, ज्यात टाटा संस्थेचा गट होता, २००७मध्ये बी आणि प्रतिबी मेसॉनांच्या (बी क्वार्क किंवा त्याचा प्रतिकण असलेल्या कणांच्या) जोडीत गुंफण तपासली. तिथं स्पिन नव्हता. एक मेसॉन बी म्हणून मोडला की त्याच क्षणी दुसरा प्रतिबी असतो, हा संबंध होता. जोडी आपोआप सुटून जाण्याचं प्रमाण त्यांनी मोजलं: ०.०२९, अनिश्चितता ०.०५७, म्हणजे शून्याशी सुसंगत. इटलीतल्या फ्रास्काटीमध्ये केऑनांवर (दुसऱ्या जातीच्या मेसॉनांवर) असंच काम झालं. टॉपमध्ये नवं काय, तर मोकळ्या क्वार्कांच्या स्पिनमधली गुंफण. क्वार्क एरवी मोकळा भेटतच नाही.

शेवटी एक प्रश्न, जो या विषयावर बोललं की विचारला जातोच: एका घटनेकडे बघून ही जोडी गुंफलेली होती असं सांगता येईल का? नाही. एका घटनेत एकच कोन मिळतो, आणि कोणताही कोन गुंफलेल्या जोडीतही येऊ शकतो, न गुंफलेल्यातही. मग किती घटना लागतील? कागदावर करून बघा. कोसाइनचा पसारा (त्याचं प्रमाण-विचलन) सुमारे ०.५५, तीननं गुणला की डीमध्ये १.६५, घटनांची संख्या एन असेल तर अनिश्चितता १.६५ भागिले एनचं वर्गमूळ. उणे ०.५३७ आणि उणे ०.३३३ यांतलं अंतर ०.२०४, पाच प्रमाण-विचलनांसाठी अनिश्चितता ०.०४१ हवी. म्हणजे एन साधारण सोळाशे. न्यूट्रिनो दिसत असते, जेट चुकले नसते आणि भेसळ नसती, तर सोळाशे जोड्यांत काम भागलं असतं.